बारापैकी अकरा

कुंडीतल्या काडीच्या टोकाला पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या फुलांचा भरघोस झुबका आला होता, आणि ती कुंडी दोन्ही हातांनी सांभाळत आलेले गृहस्थ मला विचारत होते की, फुलांना रंग यायला अजून किती दिवस लागतील. पहिल्या बहरात रंग फिका येतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. रोपवाटिकेच्या अभिवृद्धी विभागात मी अनेक वर्षे काम करते. फुलांकडे पाहताच उत्तर मला कळले होते, पण ते तोंडातून निघायला वेळ लागला. तो त्यांचा गुलाब नव्हताच. त्यांच्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, कधीकाळी ज्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या रोपावर, भरला गेला होता, तो रानगुलाब फुलला होता.

वर्षभरापूर्वी त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या अंगणातली भिंत नव्याने बांधायची होती आणि तिला लागून असलेला जुना गुलाब त्यामुळे जाणार होता. बुंधा मनगटाएवढा झालेला. मुळांसकट हलवला तर जगेलच, असे मीही सांगू शकले नसते. जातीचे नाव त्यांना माहीत नव्हते, कारण विकणाऱ्याने कुंडीवर ते लिहिलेलेच नव्हते, आणि नाव न लिहिता गुलाब विकण्याची ही सवय आमच्या धंद्यातून अजून गेलेली नाही. मोठे फूल, फिकट पिवळ्या पाकळ्या, कडा गुलाबी, एवढे वर्णन त्यांनी केले. त्याच झाडाच्या छाटांपासून त्यांना घरीच रोपे करायची होती.

असे फोन आम्हाला नेहमी येतात. बहुतेक जण काड्या बटाट्यात खोचून, मधात बुडवून झाल्या की उरलेल्या एका काडीसाठी आमच्याकडे वळतात. (बटाट्याने मुळे फुटत नाहीत; बटाटा कुजतो आणि बरोबर काडीचे बूडही कुजवतो.) या गृहस्थांनी तसले काही केले नव्हते. त्यांनी आधी विचारले, मी सांगितलेले वहीत उतरवून घेतले आणि लिहिले तसेच केले. मला आज सर्वांत जास्त टोचते ते हेच. मी सांगितले होते, "यंदाच्या वाढीच्या, सरळ, निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या काढा." या वाक्यातला एकही शब्द चुकीचा नाही, आणि तरीही त्यांच्या झाडावर त्याचा अर्थ एकच होत होता: खुंटाचे फुटवे काढा.

जुन्या कलमी गुलाबात डोळ्यापासून वाढलेला वरचा भाग हळूहळू थकतो. त्याच्या फांद्या बारीक, वाकड्या, निबर होत जातात. खुंटाची मुळे मात्र जोमात असतात, आणि जोडाच्या खालून एखादा फुटवा निघाला की मुळांचा सारा जोर तो आपल्याकडे ओढतो. झाडावर सर्वांत देखण्या काड्या त्याच्याच दिसतात. मुळात हे फुटवे निघू नयेत म्हणून खुंटाच्या काड्या लावताना मातीत जाणारे सगळे डोळे चाकूने काढून टाकायचे आणि वरचे एक-दोन तेवढे ठेवायचे, असा रिवाज आहे. शेकडो काड्या तासायच्या असतात, काम कंटाळवाणे असते, ज्याला घाई असते त्याच्या हातून एखादा डोळा राहतो, आणि त्याचा हिशेब पुष्कळ वर्षांनी भलत्याच माणसाच्या अंगणात चुकता होतो.

ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी चौदा काड्या आणल्या होत्या. बारा सरळसोट, फिकट हिरव्या. दोन बारीक, वेड्यावाकड्या, टोकाला गळून गेलेल्या फुलाचा देठ असलेल्या. "या दोन तुम्ही सांगितल्याएवढ्या जाड नाहीत, पण फूल यांच्यावर आले होते, म्हणून घेतल्या," असे ते म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. मी त्या दोन बाजूला काढल्या आणि संध्याकाळी कचऱ्यात टाकल्या.

बाकीच्या बारांवर मात्र मी मनापासून काम केले. प्रत्येक छाट सुमारे 15 सेंटीमीटरची, त्यावर तीन-चार डोळे. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि सरळ, कारण मुळे पेराजवळ लवकर धरतात. वरचा काप तिरका, म्हणजे पाणी साचत नाही आणि छाट उलटी लावली जात नाही. वरची दोन पाने अर्धी कापून ठेवायची, कारण पाने पूर्ण काढली तर मुळांसाठी लागणारे अन्न तयार होत नाही आणि पूर्ण ठेवली तर मुळे नसलेली काडी त्यांतून पाणी गमावते. बुडाला आयबीएची, म्हणजे मुळे फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची, भुकटी इतकी थोडी की झटकल्यावर धूळच राहावी. जाड वाळू आणि कोकोपीट समभाग, वर तळ कापलेली पारदर्शक बाटली, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. बाटलीच्या आत दव दिसत असेल तोवर पाणी घालायचे नाही, हे मी तीनदा बजावले, कारण घरी केलेल्या छाटा तहानेपेक्षा मायेने जास्त मरतात.

पाचव्या आठवड्यात त्यांनी छायाचित्र पाठवले. बारापैकी अकरांना मुळे फुटली होती, तीही दाट, पांढरी, चहूबाजूंनी. अशा मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबाच्या छाटा निम्म्या लागल्या तरी मी समाधानी असते. ते छायाचित्र मी शिकाऊ मुलांना दाखवले. खरे तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण खुंट म्हणून तो रानगुलाब निवडतात ते तो इतक्या सहज मुळे धरतो म्हणूनच. नव्या फुटीवर महिनोन्महिने एकही कळी नव्हती, हेही त्यांनी कळवले होते. मी म्हटले, रोप आधी अंग धरते आहे.

मूळ झाड नव्या रोपाचे फूल पाहीपर्यंत तोडू नये, हा नियम मी दहा जणांना सांगते. त्यांनी फोनवर थेट विचारले होते, "आता काढले तरी चालेल ना?" आणि अकरा या आकड्याच्या भरात मी होकार दिला होता.

फुले पाहून आमचा डोळे भरणारा जुना सहकारी जवळ आला. त्याने एक पान उलटून देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे दाखवली. कडांना बारीक झालर होती. ही रोझा मल्टिफ्लोराची, म्हणजे खुंटाच्या त्या रानगुलाबाची, पक्की खूण. "ही आधी पाहिली नव्हती का?" एवढेच तो म्हणाला. त्याचे म्हणणे नेहमी बरोबर असते आणि नेहमी नंतर येते. लोक पानाची दले मोजतात, पाच असली तर कलम आणि सात असली तर खुंट, पण चांगल्या बागेतल्या गुलाबांनाही सात दले येतात, त्यामुळे मी त्या मोजणीवर कधीच विश्वास ठेवला नाही. उपपर्णे मात्र मला शिकवलेली होती. त्या दिवशी टेबलावर माझ्या हातात अर्धी कापलेली दोन डझन पाने होती, आणि मी त्यांचे क्षेत्रफळ पाहत होते.

गृहस्थ रागावले नाहीत. मी त्यांना आमच्याकडचा 'पीस' दाखवला; 1945 पासून जगभर लावला जाणारा हा गुलाब त्यांच्या वर्णनाशी जुळत होता. त्यांनी वाकून बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, "दिसतो तसाच. पण त्याचा वास दारापर्यंत यायचा." या रंगसंगतीच्या गुलाबाची 'पीस'पासून पुढे कितीतरी संताने झाली आहेत; नावाशिवाय त्यांतले एक शोधायचे कसे?

अकराच्या अकरा रोपे आता माझ्याकडे आहेत. खुंट म्हणून ती उत्तम आहेत. टी अक्षरासारखा छेद घेऊन सालीखाली सरकवायला त्या जुन्या गुलाबाचा एकच डोळा हवा आहे, आणि तसे दोन-तीन डोळे प्रत्येकीवर असलेल्या दोन काड्या मी टाकून दिल्या. पूर्वी कधीतरी आपल्या झाडाच्या काड्या दोघांनी नेल्या होत्या, हे गृहस्थांना मागाहून आठवले. एकाकडचे झाड गेले आहे. दुसऱ्याचा पत्ता ते शोधत आहेत. गेल्या आठवड्यात मी रोपांचे शेंडे खुडले, बुंध्याजवळची पाने आणि काटे काढले आणि एकावर चाकू लावून साल सुटते का ते पाहिले. सुटत होती.