सात क्रूस, पाच रहस्यं आणि भुईगावचा समुद्र

आमच्या दारातून भुईगावच्या समुद्रापर्यंत मी ज्या वाटेनं जातो, त्या वाटेवर सात क्रूस आहेत. ते मोजायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली. लहानपणापासून त्यांच्यासमोरून सायकलनं गेलो, स्कूटरनं गेलो, जाताना सवयीनं कपाळाला-छातीला हात लावला. पण किती आहेत असं कुणी विचारलं असतं तर "असतील पाच-सहा" म्हणून मोकळा झालो असतो. वसईत क्रूस कुणी मोजत नाही. आळीच्या तोंडाशी, विहिरीच्या बाजूला, केळीच्या वाडीच्या कुंपणाला टेकून ते उभेच असतात. कुणाच्या पणजोबानं बांधलेला, खाली साल कोरलेलं, त्यावर दर वर्षी नव्या चुन्याचा हात फिरून अर्धा आकडा बुजलेला.

मोजायची वेळ आणली ती साखरेनं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि पायाला लागलेला एक साधा ओरखडा महिनाभर सुकेना. रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 8.6. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "दिवसाला चालणं किती?" मी मनात हिशेब केला. तीस वर्षं घर ते वसई रोड स्टेशन रिक्षा, पुढे चर्चगेटपर्यंत लोकल आणि चर्चगेट ते ऑफिस सात मिनिटं पायी. निवृत्तीनंतर ती सात मिनिटंही गेली होती. "फारसं नाही," असं म्हणालो.

गोळ्या सुरू झाल्या. सुकेळी बंद झाली, आणि हे दुःख वसईबाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, ती मधासारखी चिकट आणि तांबूस होतात. आमच्या घरी डबा कधी रिकामा नसे. डॉक्टरांना मी बिचकत विचारलं, "एखादं चाललं तर?" त्यांनी उत्तरच दिलं नाही. चालण्याविषयी मात्र सविस्तर बोलले. आठवड्याला निदान 150 मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना सांगते तेवढी. चालताना मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता स्वतःच ओढून घेतात, म्हणून चालणं हे औषधच समजा, असं म्हणाले. "पण रमतगमत नको. वेग असा हवा की बोलता यावं, पण गाता येऊ नये."

ही खूण मला फार आवडली. आता पहाटे साडेपाचला मी बोलायचं कुणाशी? बायको त्या वेळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. कुत्री होती, पण त्यांचं माझ्याविषयीचं मत चांगलं नव्हतं. तेव्हा खिशात हात घातला तर आईची जुनी जपमाळ सापडली आणि मी मोठ्यानं रोझरी, म्हणजे मरियामातेची माळेवरची प्रार्थना, म्हणायला लागलो. तिच्यातली नमो मरिया म्हणता यायला हवी, पण देवळातलं प्रवेशगीत गाऊ गेलं तर दम लागायला हवा. आजतागायत माझा वेग मी असाच तपासतो. मुलीनं दिलेलं घड्याळ ठोके-बिके सांगतं, पण ते चार्जिंगला लावायला मी विसरतो.

तेव्हा माझी एक नमो मरिया साधारण बावीस पावलांची होती. पहिल्या क्रुसापासून सहाव्या क्रुसापर्यंत बरोबर पाच टप्पे पडतात आणि रोझरीची रहस्यंही, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, पाच; प्रत्येकाला दहा नमो मरिया. जणू कुणी मोजून क्रूस रोवलेत. सातवा क्रूस सुरूच्या बनाच्या अलीकडे, तो उरलेला. तिथे नुसतं उभं राहायचं, मग समुद्र.

वाटेतल्या एका घराच्या ओटीवर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक मावशी बसलेल्या असतात. लाल लुगडं नेसणाऱ्या आता आमच्या गावात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यांतल्या त्या एक. रोज पहाटे त्या समोरच्या चौथ्या क्रुसाशी मेणबत्ती लावायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला थांबवलं. "अरे पोरा, एवढ्या घाईत नमो मरिया म्हणू नको. तिला ऐकायला धाप लागेल." मी त्यांना डॉक्टरांचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पाय जोरात टाक, तोंड सावकाश चालव." हे करून बघा. जमायला मला पंधरा दिवस लागले.

आता खरी गोष्ट सांगतो. दहा नमो मरिया संपतात आणि पुढचा क्रूस अजून दिसत नाही, अशी दर टप्प्यात मिनिटभर मोकळी वाट उरते. सुरुवातीला ती मी मागण्यांनी भरायचो. देवा, साखर उतरू दे. डोळ्यांवर जाऊ देऊ नको. मूत्रपिंडं सांभाळ. पाच टप्पे, पाच वेळा तेच. एका सकाळी चहा घेताना बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, रोज तेच ते मागताय, देवाला काय ऐकू कमी येतं? एखाद दिवस नुसते आभार माना की."

दुसऱ्या दिवशी मानले. कुटुंब, आरोग्य, पेन्शन, मुलीची नोकरी. दुसरा क्रूस यायच्या आत यादी संपली! मी चांगलाच ओशाळलो. अठ्ठावन्न वर्षं जगलेल्या, पाण्यासारखी मिस्सा पाठ असलेल्या माणसाकडे देवाचे आभार मानायला चारशे मीटर पुरतील एवढाही ऐवज नसावा? आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये, दर वर्षअखेरीला कृतज्ञतेची मिस्सा असते, तिथे मी मान खाली घालून हेच चार शब्द म्हणत आलो होतो, आणि ते किती भुसभुशीत आहेत हे चालायला लागेपर्यंत कळलं नव्हतं.

मग नियम केला की एका टप्प्यात एकच गोष्ट, पण बोट ठेवून दाखवता येईल अशी. सोपं नाही हो ते. पहिल्या दिवशी आठवला तो लोकलमधला एक गृहस्थ. आमच्या डब्यात नेहमीच्यांत आपसात ठरलेलं असतं, अर्धा रस्ता बसलेल्यानं उठून उभ्याला जागा द्यायची. हा माणूस बोरिवलीला उठायचा आणि मला बसवायचा. अकरा वर्षं. नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही नाही. त्याचे आभार मी केळीच्या वाडीत, अंधारात, त्याला न कळवता मानले. दुसऱ्या दिवशी डावा गुडघा, कारण उजवा दुखतो आणि त्याचा भार डावा मुकाट्यानं उचलतो. मग मला गणित शिकवणारी सिस्टर, आणि आमच्या विहिरीला अजून गोडं असलेलं पाणी.

आणि आजी. आजी दर शुक्रवारी पापडीच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन चालत जायची. वाल, वांगी, केळी, श्रावणात शेजाऱ्यांच्या पूजेला लागणारी फुलं. अनवाणी जायची, रोझरी म्हणत जायची आणि परतताना पाटीत मीठ-मसाला घेऊन यायची. तिनं किती पावलं टाकली कुणास ठाऊक. साडेचार हजारांचे बूट घालून मी तिच्याच वाटेवर चालतो आणि त्याला व्यायाम म्हणतो. ती ऐकती तर हसली असती.

दहा हजार पावलांचं खूळ आलं कुठून, ते मुलीनं मला सांगितलं. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर अशा अर्थाचं होतं. आकडा आला तो त्या नावातून. वैद्यकीय संशोधन वगैरे नंतरचं. जपानचं नाव निघालं की वसईकराला दुसरंच काही आठवतं. आमचा संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, फ्रान्सिस्कन झाला आणि जपानमध्ये त्याला चोवीस जणांत पकडलं. डाव्या कानाचा तुकडा कापून कडाक्याच्या थंडीत त्या सगळ्यांना क्योटोपासून नागासाकीपर्यंत नेलं. जवळजवळ महिनाभराची शेकडो किलोमीटरची ती वाट बहुतेक पायीच. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढवलं. रविवारी मिस्सा झाल्यावर मी कधी कधी किल्ल्यात फिरायला जातो, पडक्या देवळांच्या कमानींमधून, तेव्हा तो मनात असतो. गुडघ्याची तक्रार त्या दिवशी जरा दबक्या आवाजात होते.

चालायला लागल्यापासून शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, मला वेगळंच ऐकू येतं. त्यात सगळे चालतच असतात! सोमवारी आनंदाची रहस्यं, त्यातलं दुसरं मरियेनं एलिझाबेथला दिलेली भेट. लूक लिहितो की ती लगबगीनं डोंगराळ प्रदेशात गेली. नाझरेथपासून यहुदियाचा डोंगराळ भाग शंभर किलोमीटरहून लांब आहे, आणि मुलगी दिवसांतली. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन शिष्य पुनरुत्थानाच्या दिवशी अकरा किलोमीटर चालले, येशूला ओळखलं आणि त्याच घटकेला उठून उलटे यरुशलेमला निघाले. एका दिवसात बावीस किलोमीटर, त्यातले अर्धे रात्रीचे. आमच्या फादरांना मी हे मिस्सानंतर सांगितलं तर ते म्हणाले, "प्रवचन तुम्हीच द्या."

टँकरविषयी लिहिल्याशिवाय आमच्या भागातलं चालणं पुरं होत नाही. पहाटेच्या अरुंद रस्त्यावर पाण्याचे टँकर असे सुटतात की कुंपणात शिरावं लागतं. त्यांच्यावरचा राग जुना आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या आंदोलनात वडिलांबरोबर मीही चाललो होतो. वाडीचं पाणी उपसून नेलं की विहिरी खाऱ्या होतात, हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागलं नाही. तेव्हा नमो मरियेच्या मधोमध टँकर आला की माझ्या तोंडून दुसरंच काही निघायचं. मावशींनी तेही ऐकलेलं आहे.

ऑगस्टमध्ये पाचव्या क्रुसापाशी शेवाळावरून माझा पाय सरकला. चांगलाच आपटलो. जपमाळ गटारात, चष्मा कुठे ते दिसेना, मनगट सुजायला लागलेलं. पाऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून टँकर आला आणि थांबला. क्लीनर पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, उतरला, मला काखेत धरून उभं केलं. चष्मा शोधला. मग गटारात कोपरापर्यंत हात घालून जपमाळ काढली, स्वतःच्या शर्टाला पुसली आणि ती काय आहे हे माहीत नसल्यासारखी, पण जपून, माझ्या हातात ठेवली. मला पुढे केबिनमध्ये बसवून घरी सोडलं. विरुद्ध दिशेला जायचं होतं त्यांना. पैसे देऊ केले तर ड्रायव्हरच वरून ओरडला, "काका, राहू दे." मनगट मोडलं नव्हतं. तीन आठवडे पट्टा होता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मी रोझरीऐवजी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीची प्रार्थना, करतो. चौदा स्थानं. जाताना सात क्रूस, येताना तेच सात, हिशेब चोख बसतो. चौदावं स्थान, म्हणजे कबर, माझ्या घराशेजारच्या क्रुसाशी येतं आणि तिथून वीस पावलांवर बिनसाखरेचा चहा. बायको याला हसते. पण यंदा पहिल्या शुक्रवारी पाचव्या क्रुसाशी पोचलो आणि पाचवं स्थान म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा आवाजच फुटेना. पाचवं स्थान म्हणजे कुरेनेकर शिमोन. रानातून येणारा कुणी परका, ज्याला वाटेत धरून क्रूस उचलायला लावलं तो. त्या टप्प्याची मोकळी वाट त्या पोराच्या नावानं गेली असती, पण नाव मी त्याचंही विचारलेलं नाही. सवय जात नाही.

टँकर अजून तसेच सुटतात. पाण्याचा प्रश्न तिथेच आहे आणि माझं मतही. फक्त कुंपणात शिरल्यावर मी आता आधी केबिनकडे बघतो.

आठ महिन्यांनी आकडा 6.9 आला. डॉक्टर खूश झाले, एक गोळी कमी केली, दुसरी ठेवली आणि "चालणं सोडायचं नाही" असं तिसऱ्यांदा म्हणाले. मी सुकेळ्यांचा विषय पुन्हा काढला. ते पुन्हा गप्प.

पास्काच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, मावशींना उठवत नाही. चौथ्या क्रुसाशी मेणबत्ती आता त्यांची नात लावते, तीही उशिरा, कॉलेजला जाता जाता. मावशी ओटीवर भिंतीला टेकून असतात. मी दिसलो की हात वर करतात आणि सांगतात, "माझी एक म्हण रे तिथपर्यंत." ओटीपासून क्रुसापर्यंत बावीस पावलं आहेत. मी तोंड सावकाश चालवतो, म्हणून एका नमो मरियेला हल्ली तीस लागतात.