अनारशांची नोंद: तांदूळ नेमका कधी दळायचा?

दिवाळीच्या अनारशांचं पीठ गुळात मळून, गोळे करून डब्यात भरलंय. नवरात्रापासून जे ताडून पाहत होते ते आता ठामपणे लिहिते: अनारशाचं नशीब पंच्यावर ठरतं. तीन दिवस भिजलेला तांदूळ उपसून पंच्यावर पसरला की तो दळायला घेईपर्यंत जे होतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. गूळ, तूप, खसखस नंतर.

तांदूळ जुना कोलम, रविवार पेठेतून आणलेला. इंद्रायणी आमच्या रोजच्या भाताचा, पण तो चिकट. अनारशाला मी घेत नाही. रोज पाणी बदलायचं, न चुकता. तिसऱ्या दिवशी पाण्याला किंचित आंबूस वास येतो आणि दाणा नखाने दाबला की चुरतो. तो आंबूसपणा हवाच, त्यानेच पीठ हलकं होतं.

नवरात्रात मुद्दाम चाचणी घेतली. एकाच पातेल्यातला तांदूळ तीन वाट्यांनी वेगळा केला. एक भाग निथळल्या निथळल्या दळला. दुसरा सावलीत पसरून, दाणे सुटे झाले पण हाताला गार लागत होते तेव्हा. तिसरा पार खडखडीत वाळू दिला. तिन्ही पिठं मैद्याच्या चाळणीने चाळली, वाटीला पाऊण वाटी किसलेला चिक्कीचा नव्हे, साधाच गूळ आणि चमचाभर तूप.

ओल्या पिठाचा गोळा रात्रीतून सैल झाला, गुळाला पाणी सुटलं. तुपात सोडताच अनारसा हसला: कडा विरघळल्या, खसखस तुपभर झाली आणि झाऱ्यावर नुसता चुरा आला. कोरड्या पिठाचा थापतानाच कडेने फाटला. तळला गेला, पण जाळी पडली नाही आणि गार झाल्यावर कडक झाला. मधल्या भागाचा मात्र असा फुलला की पहिलाच अनारसा देवापुढे ठेवला.

हे सगळं मैत्रिणींना सांगायला सदाशिव पेठेत जमलो, तर प्रत्येकीच्या घरची परीक्षा बाहेर आली. नागपूरच्या मैत्रिणीची आजी दळलेलं पीठ मुठीत दाबायची; मुटका वळला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये. साताऱ्याच्या मैत्रिणीकडे तांदळावर तळहात उलटा ठेवायचा, गार लागला की लगेच कांडायला घ्यायचे. माझी आत्या पंच्याची घडी उचलून बघायची. पंचा दमट आणि दाणे त्याला न चिकटता घरंगळतायत, म्हणजे झालं.

मी विचारलं, "अगं, पण साधारण किती वेळ?" तर साताऱ्याची म्हणाली, "आईला विचारलं की ती म्हणायची, वारा काय माझ्या हातात आहे?"

एकीच्याही घरी तास सांगितलेले नाहीत. घरी येताना वाटेत याचं कारण लक्षात आलं. आपल्याकडे अनारसे फक्त दिवाळीचे नव्हेत, धोंड्याच्या महिन्याचेही. जावयाला तीस आणि तीन अनारशांचं वाण द्यायचं, दिव्यासकट. आणि अधिक महिना ऋतू बदलत फिरतो. 2020 साली तो अधिक आश्विन होता, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. 2023 साली अधिक श्रावण, म्हणजे जुलै-ऑगस्टची भर पावसातली दमट हवा. 2026 चा अधिक ज्येष्ठ मे-जूनमधला. पुण्याच्या मेमध्ये पंख्याखाली तांदूळ बघता बघता वाळतो. तासांचा हिशोब एका वर्षी बसवला तर पुढच्या धोंड्याला तो फसणारच. म्हणून त्या बायकांनी माप हातात ठेवलं. मला या शहाणपणाचा फार अभिमान वाटतो, आणि ते वहीत उतरवून ठेवायला हवं असंही वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

तर यंदाचं पीठ तिन्ही परीक्षा लावून दळलं. परतीचा पाऊस पडून गेला होता, हवा जड होती, तांदळाने बराच वेळ घेतला. मध्येच पंचा बदलला, हे फार उपयोगी पडलं. मिक्सरमधून थोडं थोडं काढलं, एकदम भरलं तर भांडं तापतं आणि पीठ कोरडं पडतं.

साखर की गूळ यावर आमचं एकमत झालं नाही, होणारही नाही. पिठीसाखरेचा अनारसा दिसायला देखणा. मला गुळाचाच खमंगपणा हवा.

डबा उघडल्यावर गोळा सैल वाटला तर थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळते. घट्ट वाटला तर दुधाचा हबका. काहीजणी कुस्करलेलं केळं घालतात. चव छान येते, पण रंग लवकर चढतो, तेव्हा आच आणखी मंद ठेवा.

तळण्याबद्दल एकच सांगते, कारण तिथे हात घाईला येतो. केळीच्या पानावर खसखस पसरून लिंबाएवढा गोळा बोटांनी थापायचा, मध्ये जरा पातळ. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात अलगद सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं, मग मधून बारीक बुडबुडे येतात, एकेक भोक उघडतं आणि रंग कडेकडून आत सरकतो. मध्य अजून फिका असतानाच काढायचा आणि चाळणीत तिरका उभा करायचा, तूप निथळायला. आडवा ठेवला तर खालची बाजू तुपकट होते.

वसुबारसेला तळायला घेईन. आधी एकच सोडून बघायचा, हे ठरलेलं.

कोकणातल्या मंडळींनी त्यांच्या घरची परीक्षा जरूर लिहावी. तिकडच्या दमट हवेत तांदूळ सुकला हे कशावरून ओळखतात, हा रकाना माझ्या वहीत अजून रिकामा आहे.