उत्तरेचं ऊन

ब्रिस्बेनला हिवाळा लागला की नाही हे मला हवामान खातं सांगत नाही, मोरीतली खोबरेलाची बाटली सांगते. मार्च-एप्रिलपर्यंत पाण्यासारखं असलेलं तेल मे महिन्यात गढूळ दिसायला लागतं, आणि जुलैत बाटली उपडी करून आपटली तरी थेंब पडत नाही. मग ती गरम पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर काखेत धरून बसा. गेल्या जुलैत नाशिकहून आई आली होती. तिने यातलं काही केलं नाही. बाटली उचलली, पुढच्या व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवली आणि चहा घ्यायला बसली. दुसरा कप होईपर्यंत तेल वितळलं होतं.

"घरात गोठतं नि बाहेर वितळतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे थंडी घरात राहायला येते काय गं?"

अकरा वर्षं इथे काढून मला जे नेमकं म्हणता आलं नव्हतं, ते तिने चौथ्या दिवशी म्हणून टाकलं.

आकडे पाहिले तर या थंडीला थंडी म्हणणंसुद्धा जिवावर येतं. जुलै हा इथला सगळ्यात गार महिना. दुपारी साधारण 22 अंश, पहाटे 10 च्या आसपास. आईचं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथे द्राक्षं कडाक्यात सापडू नयेत म्हणून लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. तिने निघायच्या आधी फोनवर विचारलं, "स्वेटर किती आणू?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एक पुरे, तोही विमानासाठी." तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये आली तेव्हा तिच्या अंगावर तो एक स्वेटर, त्यावर माझं जाकीट, त्यावर शाल आणि पायांत जावयाचे फुटबॉलचे मोजे होते. काही बोलली नाही. नुसती बघत होती.

दोष घराचा. आम्ही राहतो ते जुन्या पद्धतीचं लाकडी घर, ज्याला इथे, क्वीन्सलँड या राज्याच्या नावावरून, 'क्वीन्सलँडर' म्हणतात. दिसायला देखणं: खांबांवर उचललेलं, पुढे व्हरांडा, वर पत्रा, दारांवर नक्षीच्या जाळ्या. ज्यांनी ही घरं बांधली त्यांच्या डोळ्यांपुढे इथला उन्हाळा होता. वारा घराखालून जावा, छताशी साठलेला उकाडा वरच्या झडपांतून निघून जावा, भिंतींनी ऊन धरून ठेवू नये. म्हणून भिंत म्हणजे एकेरी फळी. फळीच्या अलीकडे मी, पलीकडे क्वीन्सलँड. जानेवारीत हे सगळं फार शहाणपणाचं वाटतं. जुलैच्या पहाटे सहा वाजता त्याच फटींतून गार वारा येऊन पायाच्या अंगठ्यापाशी बसतो. आम्ही थर्मामीटर आणून लावलं, तर स्वयंपाकघरात 12! चाकांचा, तेलाचा हीटर आहे, पण त्याने खोली तापायच्या आधी वीजबिल तापतं. दही लागत नाही, पीठ फुगत नाही. मी इडलीचं पातेलं घोंगडीत गुंडाळून लेकीच्या पांघरुणाशेजारी ठेवलेलं आहे, हे आता कबूल करते.

आणि दहा वाजता दार उघडून बाहेर जावं, तर बाहेर स्वर्ग. आभाळ निळंशार, हवा कोरडी, ऊन पाठीवर हात फिरवल्यासारखं. जुलै म्हणजे इथला कोरडा मोसम. पाऊस आमचा उन्हाळ्यातच पडून गेलेला असतो. त्यामुळे या महिन्यात माणसं ऊब घ्यायला घराबाहेर पडतात. शेजारचे आजोबा पेपर घेऊन सबंध सकाळ फुटपाथलगतच्या खुर्चीत असतात. वर फुगीर जाकीट आणि लोकरी टोपी, खाली हाफपँट. कमरेच्या वर अंटार्क्टिका, कमरेखाली गोवा. सगळं शहर थोड्याफार फरकाने असंच कपडे घालतं. साउथ बँकेला नदीकाठी बांधलेल्या कृत्रिम किनाऱ्यावर मेलबर्नहून आलेले पाहुणे पोहत असतात आणि स्थानिक लोक कानटोप्या घालून त्यांच्याकडे काळजीने पाहत असतात.

आजोबांना थंडीबद्दल बोललेलं फार आवडतं. 12 जुलै 2014 ची गोष्ट मी त्यांच्याकडून किमान पाचदा ऐकली आहे. त्या सकाळी ब्रिस्बेनचा पारा 2.6 वर उतरला, शंभराहून जास्त वर्षांत उतरला नव्हता इतका. ते ही गोष्ट ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात आमच्याकडे गोदावरीचा पूर सांगतात. पुढच्याच वर्षी, जुलै 2015 मध्ये, दोन-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या स्टँथॉर्पला बर्फ पडला. डोंगराळ भाग आहे तो. आजोबा गाडी काढून बघायला गेले होते. बर्फाचा एक गोळा त्यांनी थर्मासमध्ये घालून परत आणला म्हणे. घरी पोचेस्तोवर अर्थातच पाणी झालं होतं. त्याचा चहा केला.

आईला मात्र थंडीपेक्षा सूर्याने जास्त छळलं.

इथे साडेसत्तावीस अक्षांशावर आपण मकरवृत्ताच्या खाली असतो. ते वृत्त जातं रस्त्याने सहाएकशे किलोमीटर वर, रॉकहॅम्प्टनवरून. त्यामुळे सूर्य इथे कधीच थेट डोक्यावर येत नाही. दुपारी तो नेहमी उत्तरेला. जुलैत तर भर माध्यान्हीला निम्मं आभाळही चढत नाही, उत्तरेच्या झाडांआडून तिरका बघतो आणि पाच वाजून काही मिनिटांनी मावळून मोकळा होतो. भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत 'नॉर्थ फेसिंग' असं ठळक लिहिलेलं वाचून मला सुरुवातीला वाटायचं, चला, वास्तुशास्त्र इथवर पोचलं. आम्ही आपलं शिरस्त्याप्रमाणे पूर्वाभिमुख घर घेतलं, स्वयंपाकघर कुठे आहे ते बघितलंच नाही. ते दक्षिणेला आहे. त्या बाजूच्या पायऱ्यांवर जुलैभर शेवाळ असतं.

आईला हे मी समजावून सांगितलं होतं. तिला पटलंही होतं. पण पटणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं. अशी कोरडी हवा बघून तिच्यातली वाळवणवाली जागी झाली. "आषाढात असं ऊन! आणि तुम्ही ते वाया घालवता?" तिकडे आषाढ म्हणजे ओल आलेले पापड डब्यातून काढून हळहळायचे दिवस. तिने दीड किलो साबुदाणा भिजवला, रात्रभर ठेवला, सकाळी मोठ्या पातेल्यात खळ शिजवली आणि प्लॅस्टिकच्या कागदावर पळीने पापड्या घालून कागद स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या फरशीवर पसरला. दक्षिणेला. नाशिकच्या घरी थंडीतलं ऊन दिवसभर दक्षिणेच्या अंगणात असतं, पन्नास वर्षं तिचं वाळवण तिथेच वाळलं. मी ऑफिसला गेलेले. संध्याकाळी आले तर पापड्या तशाच ओल्या, वरून गार, आणि आई पायरीवर बसलेली.

"सूर्य आलाच नाही गं इकडे," ती म्हणाली. पाहुण्याची वाट पाहून दमल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. घराच्या उत्तरेला हिरवळीचा एक पट्टा आहे, तिथे लेकीची ट्रॅम्पोलिन आहे. आईने तिला तीन फेऱ्या मारल्या, जाळी बोटाने दाबून पाहिली आणि हुकूम सोडला. आम्ही कागद उचलून आत ठेवले. खालून वारा, वरून ऊन, सभोवती उंच जाळी. चेन ओढून घेतली की मॅगपाय पक्षी बाहेर. वाळवणासाठी मुद्दाम करून घेतली असती तरी याहून बरी वस्तू झाली नसती. लेक दोन दिवस तोंड फुगवून होती. मॅगपाय जाळीच्या काठावर ओळीने बसून मान तिरकी करून पाहत होते, पंगतीला न बोलावलेल्या सोयऱ्यांसारखे. दुपारपर्यंत पापड्यांच्या कडा उचलल्या, दुसऱ्या दिवशी त्या आपणहून कागद सोडायला लागल्या. एक हातात घेऊन आईने उन्हासमोर धरली. काचेसारखी आरपार, आत साबुदाण्याचे दाणे मोजता येतील अशी.

त्या आठवड्यात तिचा मूड फारच चांगला होता. कालनिर्णय सोबत आणलेलं होतं; त्यात 16 जुलैच्या सुमाराची कर्कसंक्रांत आणि दक्षिणायन बघून तिने हिशेब मांडला. तिकडे दिवस लहान होत जाणार, इकडे मात्र मोठे व्हायला लागलेत, म्हणजे आमची खरी संक्रांत आताच. तिळगूळ जानेवारीतच करायचा या नियमाबद्दल तिला एकदम शंका आली. तिचं खरं आहे. इथल्या जानेवारीत घामाने निथळत मी तिळाच्या वड्या थापते आणि हळदीकुंकवापर्यंत त्या एकमेकींना चिकटून बसतात. तीळ आणि गूळ हवेहवेसे वाटतात ते जुलैतच. लाडू मग झाले. "गोड बोला" म्हणायचं की नाही यावर मात्र आमचं एकमत झालं नाही, म्हणून आम्ही नुसतेच खाल्ले.

रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी रजया घेऊन हिरवळीवर बसायचो. घरात तेवढीच थंडी, मग निदान आभाळ तरी दिसेल, असा विचार. ढग नसल्यामुळे दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब सरळ वर निघून जाते आणि नऊपर्यंत गवत ओलं लागतं. नऊच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकली की बरोबर माथ्यावर एक लालसर तारा. मी दाखवला. आईने थोडा वेळ आजूबाजूचे तारे जुळवले.

"ही ज्येष्ठा आहे," ती म्हणाली. "हा विंचू. तिकडे दक्षिणेला दिसतो हा, बराच खाली. इथे डोक्यावर कसा चढला?" मग थोड्या वेळाने, "आणि आषाढात कुठली दिसायला नक्षत्रं. तुझे बाबा असते तर झोपलेच नसते."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला. देशाच्या आतून येणारा, कोरडा, दाराखिडक्या खडखडवणारा. खरा तो ऑगस्टातल्या शेतकी जत्रेचा. तिला इथे 'एक्का' म्हणतात, 1876 पासून भरते, आणि वाऱ्यालाही लोक तेच नाव देतात. त्या वर्षी जरा लवकर आला. आईची तिसरी खेप ट्रॅम्पोलिनवर होती आणि लेकीने जाळीची चेन उघडी टाकली होती. आम्ही बाजारातून आलो तर कागद कुंपणावर फडफडत होता आणि पापड्यांचा पत्ता नव्हता.

अर्ध्या तासाने दार वाजलं. आजोबा. जाकीट, टोपी, हाफपँट. हातातल्या बशीत नीट रचून ठेवलेल्या अकरा पापड्या. या त्यांच्या गुलाबांवर पडल्या होत्या, त्यांनी विचारलं, हे नेमकं काय आहे, आणि याने झाडांना काही अपाय होतो का?

आईला प्रश्न कळला नाही, पण बशी कळली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली, खुणेने त्यांना ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि कढई चढवली. पापडी तेलात पडून फुलली तसे आजोबा टोपी काढून पुढे वाकले. त्या दिवशी स्वयंपाकघर बऱ्यापैकी गरम झालं होतं.