तोरणा ते राजगड धारेवरून: शिडीपाशी गेलेला दीड तास

तोरणा-राजगड एका दिवसात करायचा हे तीन वर्षं नुसतं बोलण्यात होतं, शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि मावसभाऊ निघालो. रविवार, इथेच चुकलं. वेल्ह्यातून तोरणा नेहमीसारखा चढलो, बिनी दरवाजा, मेंगाईचं देऊळ, बाटल्या भरून घेतल्या आणि साडेनऊला बुधला माचीच्या टोकाला.

इथून खाली, राजगडाकडे जाणाऱ्या डोंगराच्या धारेवर उतरायला कातळात लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकच माणूस. आणि आमच्या पुढे एका ट्रेक ग्रुपची साठेक माणसं, सगळे एकसारख्या टीशर्टात. लीडर म्हणाला, "दादा, दहाच मिनिटं." कसली दहा मिनिटं! वरच्या पायरीपाशी एक मुलगी बसलेली, पाय खाली सोडायची, टेकत नाही म्हणून परत वर घ्यायची, आणि खालून चौघे ओरडतायत, डावा टाक, अगं उजवा, तोंड कातळाकडे कर. पाठीवर सॅक तशीच, सॅकला बाहेरून बांधलेली मॅट दरवेळी शिडीच्या दांड्यात अडकत होती. मी चिक्की संपवली, घड्याळ बघितलं, मनात शिव्याही घातल्या, तिला नाही, साठ माणसं एकदम आणणाऱ्याला. शेवटी भावाला राहवेना, "ताई, सॅक काढून द्या इकडे, आम्ही दोरीने सोडतो." सॅक उतरली आणि बाई दोन मिनिटांत खाली! मग काय, मागच्या सगळ्यांच्या सॅका आम्हीच सोडत बसलो, फुकटचे हमाल. आमचा नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेलेले. लीडर थँक्यू पण म्हणाला नाही.

हा दीड तास मग उन्हात फेडला. धारेवर सावली म्हणजे मधेमधे कारवीचं रान तेवढंच, पाणी नाहीच, आणि उतारांवर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, असा की चढणं परवडलं. माणशी तीन लिटर घेतलं होतं ते भुतोंड्याच्या रस्त्याच्या खिंडीत येईपर्यंत संपत आलं. चार लिटर घ्याच, आणि मॅट-बिट सॅकच्या आत. हो, गाडी वेल्ह्यात ठेवू नका, उतरणार दुसरीकडे, आम्हाला रात्री जीपवाल्याच्या हातापाया पडावं लागलं.

खिंडीनंतरचा चढ जीव काढतो, पण वर राजगडाच्या संजीवनी माचीची तटबंदी दिसायला लागली की पाय आपोआप चालतात. अळू दरवाज्यातून आत शिरलो तेव्हा सूर्य टेकला होता. मागे वळून बघितलं तर अख्खी धार आणि टोकाला बुधला, एवढं आपण चाललो यावर विश्वास बसेना. भाऊ म्हणाला, "ती शिडी कुठे असेल रे?" म्हटलं, नाव नको काढूस.

पाली दरवाज्याच्या पायऱ्या टॉर्चमध्ये उतरलो. खाली गावात चहा पिताना तेच टीशर्टवाले भेटले, खिंडीतूनच गाडीत बसून आलेले.