फाटा ते केदारनाथ : आठ मिनिटांचे उड्डाण आणि आईचे प्रश्न

नाशिक रोडच्या आमच्या घरावरून दिवसातून कितीतरी वेळा हेलिकॉप्टर जाते. जवळच गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी संस्था असल्यामुळे चीता आणि चेतक यांची घरघर आमच्या कानांना रेल्वेच्या शिट्टीइतकीच सवयीची झाली आहे. तरीही गेल्या ऑक्टोबरात केदारनाथला हेलिकॉप्टरने जायचे नक्की झाल्यावर माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईने पहिला प्रश्न विचारला तो असा : "इंजिन बंद पडले तर ते दगडासारखे खाली येते का गं?" 15 जून 2025 रोजी गौरीकुंडजवळ झालेल्या अपघातात सात जण दगावल्याची बातमी तिने वाचलेली होती. गौरीकुंडापासूनची चढण तिच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती आणि भाऊबीजेला मंदिराचे दरवाजे बंद होण्यापूर्वी तिला दर्शन घ्यायचे होते, म्हणून हेलिकॉप्टरला पर्याय नव्हता; पण "काही होत नाही" असे म्हणून तिची समजूत काढणे मला योग्य वाटले नाही.

आमच्या शेजारी लष्कराच्या विमान विभागातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी आईला त्यांच्याकडे घेऊन गेले. काकांनी आधी नातवाचे भिरभिरे मागवून घेतले आणि ते खिडकीतल्या वाऱ्यासमोर धरले. "वहिनी, हे फिरवायला इंजिन लागते का?" त्यांनी विचारले. इंजिन थांबले की वैमानिक डाव्या हाताचा दांडा ताबडतोब खाली दाबतो, त्यामुळे पात्यांचा कोन सपाट होतो; हेलिकॉप्टर खाली येऊ लागते आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर वैमानिक तोच दांडा वर खेचतो आणि फिरत्या पात्यांत साठलेला जोर वापरून उतरण्याचा वेग मोडतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि प्रत्येक वैमानिकाकडून त्याचा सराव करून घेतला जातो. मात्र त्यासाठी हाताशी पुरेशी उंची किंवा वेग लागतो आणि खाली उतरण्याजोगी जागा लागते, हेही काकांनी लपवले नाही.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली. आपण रोज पाहतो तो चीता म्हणजे लामा या फ्रेंच हेलिकॉप्टरची भारतात बनवलेली आवृत्ती. 21 जून 1972 रोजी झाँ बूले या वैमानिकाने लामा 12,442 मीटर उंचीवर नेले. तो विक्रम झाला त्याच क्षणी इंजिन विझले आणि ते पुन्हा पेटेना. बूले तेवढ्या उंचीवरून इंजिनाविना, केवळ फिरत्या पात्यांच्या आधाराने सुखरूप उतरले. हे ऐकल्यावर आईने भिरभिरे स्वतःच्या हातात घेतले आणि खिडकीपाशी बराच वेळ फिरवून पाहिले.

गुप्तकाशीहून फाटा या गावी, जिथून हेलिकॉप्टर सुटते, आम्ही सकाळी पोचलो, पण तो दिवस वायाच गेला. मंदाकिनीच्या दरीत ढग खाली उतरले होते आणि एकही उड्डाण झाले नाही. प्रतीक्षागृहात लोक चिडत होते. इतक्या प्रगत यंत्राला ढगाचे काय, असे एक गृहस्थ मोठ्याने म्हणालेही. पण या दरीतले उड्डाण डोळ्यांनी पाहूनच करायचे असते. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये अरुंद वाट आणि समोरून परतीची हेलिकॉप्टरे येत असताना ढगात शिरणे म्हणजे डोळे मिटून घाट चढण्यासारखे आहे. त्या दिवशी आम्हाला थांबवणाऱ्यांविषयी मला आदरच वाटला.

दुसऱ्या दिवशी आकाश निवळले. आधी आमचे वजन पिशव्यांसकट झाले. वजनाची एवढी चौकशी आईला संकोचाची वाटली, परंतु या प्रवासाचे सारे मर्म त्या काट्यातच आहे. पाती फिरताना हवा खाली लोटतात आणि तिच्या बदल्यात हेलिकॉप्टर वर उचलले जाते. जितकी हवा दाट, तितकी उचल अधिक. केदारनाथ 3,583 मीटर उंचीवर, म्हणजे फाट्याहून सुमारे दोन हजार मीटर वर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास तीस टक्क्यांनी विरळ असते. ऊन तापले की ती आणखी विरळ होते. खाली सहज उचलले जाणारे ओझे वर पोचल्यावर जड होते, आणि खरी कसोटी तिथेच, उतरताना लागते. वजनाची मांडणीही पाहावी लागते, म्हणूनच मला पुढे वैमानिकाशेजारी बसवले आणि आईला मागे.

हेलिकॉप्टरकडे जाताना कर्मचाऱ्याने आईचा हात घट्ट धरला होता आणि तो तिला समोरच्या बाजूने, वाकवूनच नेत होता. पाती थांबवलेली नव्हती. फेऱ्यांमध्ये इंजिन बंद करत नाहीत. त्याने आईला डोक्यावरचा पदर खोचून घ्यायला लावले आणि शेपटीकडे बोट दाखवून नकारार्थी हात हलवला. मागचा छोटा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो दिसतच नाही. एप्रिल 2023 मध्ये केदारनाथच्याच हेलिपॅडवर एका अधिकाऱ्याचा त्या पंख्याने बळी घेतला आहे. यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने ही एक सूचना तरी मनावर कोरून ठेवावी.

त्या छोट्या पंख्याचे काम काय, हा आईचा दुसरा प्रश्न होता. मिक्सर सुरू करताना त्याला जो उलटा हिसका बसतो आणि आपण हाताने तो दाबून धरतो, तसाच हिसका इंजिन वरची पाती फिरवताना हेलिकॉप्टरच्या अंगाला बसतो. ते दाबून धरणारा हात म्हणजे शेपटीचा पंखा. वैमानिक पायांतल्या पेडलांनी त्याच्या पात्यांचा कोन कमीजास्त करतो आणि नाक हवे तिकडे वळवतो. मे 2024 मध्ये केदारनाथला उतरताना एक हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगर फिरून हेलिपॅडच्या अलीकडच्या उतारावर टेकले होते, त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. सुदैवाने त्यातले सगळे वाचले.

आमचे यंत्र आधी जमिनीपासून हातभर उचलले गेले आणि तिथेच स्थिरावले. जमिनीलगत खाली लोटलेली हवा मोकळी निसटू शकत नाही, त्यामुळे तिथे तरंगायला कमी शक्ती पुरते. वैमानिक त्या क्षणी यंत्राचा अंदाज घेत असतो. मग नाक किंचित खाली झुकले, हेलिपॅडची कड मागे गेली आणि अंगातून बारीकशी थरथर धावली. मी घाबरून वैमानिकाच्या हातांकडे पाहिले. ते अगदी शांत होते. वेग थोडा वाढला की पाती स्वतःच ढवळलेल्या हवेतून बाहेर पडून ताज्या हवेत शिरतात आणि उचल एकदम वाढते. ती थरथर म्हणजे या बदलाची खूण होती. त्यानंतर पाठीला खालून कोणी अलगद उचलावे तसे आम्ही वर गेलो.

त्याच्या उजव्या हातातला गुडघ्यांमधला दांडा जेमतेम बोटभर हलत होता. तो पुढे झाला की वर फिरणारे पात्यांचे चक्र पुढे कलते आणि हेलिकॉप्टर पुढे जाते. हे घडवण्यासाठी प्रत्येक पात्याचा कोन प्रत्येक फेरीत बदलत राहतो, आणि आमच्या फ्रेंच बनावटीच्या हेलिकॉप्टरची पाती सेकंदाला सहाहून अधिक फेऱ्या घेत होती. हीच रचना वेगाला मर्यादाही घालते. एका बाजूचे पाते वाऱ्यावर चाल करून जाते, तर दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे सरते. वेग फार वाढला तर मागे सरणाऱ्या पात्याला पुरेशी हवाच मिळत नाही आणि त्याची उचल मोडते. 11 ऑगस्ट 1986 रोजी इंग्लंडमध्ये लिंक्स जातीच्या हेलिकॉप्टरने ताशी 400.87 किलोमीटरचा वेग गाठला होता, तोही खास बदललेल्या पात्यांच्या आणि वाढीव शक्तीच्या बळावर.

खाली मंदाकिनी पांढऱ्या दोरीसारखी दिसत होती. 2013 च्या प्रलयात वाहून गेलेल्या रामबाड्याची जागा डावीकडे की उजवीकडे हे कळेपर्यंत ती मागे पडली. मग दरी रुंदावली, बर्फाची शिखरे समोर उभी राहिली आणि मंदिराचे शिखर दिसताच मागून आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात उतरेपर्यंत तिथेच होता.

उतरल्यावर वीस पावले चालताच मला धाप लागली. जी हवा आमच्या पात्यांना अपुरी पडत होती, तीच आता माझ्या छातीला अपुरी पडत होती. आई एका दगडावर बसली, पाणी प्यायली आणि वर जाणाऱ्या पुढच्या हेलिकॉप्टरकडे पाहत म्हणाली, "मग हे एव्हरेस्टवर जात नसेल." जाते, मी तिला सांगितले. 14 मे 2005 रोजी दिदिए देल्साल हे फ्रेंच वैमानिक याच कुळातले हेलिकॉप्टर घेऊन एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरले आणि तिथे साडेतीन मिनिटांहून अधिक काळ थांबले. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो.

"बरोबर किती माणसे होती?" आईने विचारले.

"कोणी नव्हते. ते एकटेच गेले."

"तरीच," आई म्हणाली, आणि पदर सावरून मंदिराच्या दिशेने चालू लागली.