लाल टोपी, केशरी टोपी आणि बोक्याचं एक युनिट

बोक्याला मधुमेह असल्याचं निदान, रक्त-लघवीच्या तपासण्या, टोचायला शिकणं, हे सगळं आठवड्याभरात उरकलं. टोचणं तर अगदीच सोपं निघालं. बरगड्यांच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबू झाला की पायथ्याशी सुई. ३१ गेजची सुई असेल तर ताटलीतून तोंडसुद्धा वर येत नाही. घोडं अडलं ते मेडिकलच्या काउंटरवर, सिरिंजपाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिलं होतं, दर १२ तासांनी एक युनिट. नेहमीचं ग्लार्जिन यू-१०० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. पण आपल्याकडे माणसांचं बाटलीतलं स्वस्त इन्सुलिन अजूनही यू-४० मिळतं आणि त्याच्या लाल टोपीच्या सिरिंजा मेडिकलमध्ये ढिगाने असतात. यू-१००ची टोपी केशरी. मी केशरी मागितली, हातात लाल आली. वर उत्तर: "सेमच असते हो ताई. एक रेघ, एक युनिट. सगळे हीच नेतात."

सेम नसते. लाल सिरिंजची एक रेघ म्हणजे ०.०२५ मिलि. तेवढ्यात यू-१०० इन्सुलिन भरलं की अडीच युनिट झाले. माणसाला ६०-७० किलोच्या अंगात हे जास्तीचं दीड युनिट कदाचित पचेल. पाच किलोच्या बोक्याला एकाऐवजी अडीच युनिट गेले तर साखर फार उतरून थरथर, झटके येऊ शकतात, वेळेत कळलं नाही तर जीवही जाऊ शकतो. गणित करून लाल सिरिंज वापरायची म्हटलं तर एका युनिटला ०.४ रेघ येते. ती डोळ्यांनी कोण मोजणार?

उलटी चूक जास्त कपटी असते. यू-४० इन्सुलिन केशरी सिरिंजने भरलं तर एका युनिटाच्या खुणेला जेमतेम ०.४ युनिट जातं. साखर उतरत नाही, म्हणून डोस वाढवत नेला जातो. मग एके दिवशी घरातलं दुसरं कुणीतरी योग्य सिरिंज आणतं आणि तोच वाढवलेला आकडा भरतं. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिनं यू-४० असतात, त्यामुळे सिरिंज घेण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचायचाच.

दुसऱ्या दुकानात केशरी मिळाली, पण १ मिलिची. हिच्यात दोन रेघांमधलं अंतर दोन युनिटांचं असतं. म्हणजे एक युनिट शून्य आणि पहिल्या रेघेच्या अधेमधे, अंदाजपंचे. तिसरीकडे अर्ध्या मिलिची होती. तिची रेघ एका युनिटची, त्यामुळे पूर्ण युनिटापुरतं काम भागतं. मांजराला खरी लागते ती ०.३ मिलिची, अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली, कारण डोस अर्ध्या युनिटानेच वर-खाली होतो. प्रत्येक ०.३ मिलिच्या सिरिंजला त्या अर्ध्या रेघा नसतात. पाकीट काउंटरवरच बघून घ्यावं. मला ती सांगून मागवावी लागली.

"मग पेन घ्या की," हा सल्लाही मिळाला. साधं पेन एकेका युनिटानेच फिरतं, अर्धं देता येत नाही. ग्लार्जिनचाच यू-३०० प्रकार फक्त पेनमध्ये येतो. त्यातून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नये, तिप्पट जाईल. चिठ्ठीबद्दलही एक: डॉक्टरांना '१ यू' असं इंग्रजीत त्रोटक लिहू देऊ नका. घाईतलं ते 'यू' अक्षर शून्यासारखं दिसतं आणि एकाचे दहा होतात. 'युनिट' पूर्ण लिहून घ्या.

बाकीचं आठवेल तसं.

आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही किंवा खाऊन ओकला तर नेहमीचा डोस ठोकून द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. सुई आरपार जाऊन केस ओले झाले, किती आत गेलं कळलं नाही, तर पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ साखर वाढलेली परवडते. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नाही. आणि फ्रीजच्या दारावर वही टांगा. सकाळी दोघांनी टोचायचे प्रकार घरोघरी होतात.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ झालं की टाकायचं. ते पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला खेटून नाही. गोठलेलं वाया गेलं. एक युनिट म्हणजे ०.०१ मिलि, तेव्हा छोटासा बुडबुडाही डोस खातो. टिचकी मारून वर आणा आणि बाहेर काढा.

साखर कमी झाल्याची लक्षणं: अचानक खा-खा, झोकांड्या, शून्य नजर, थरथर. रक्तातल्या साखरेचा आकडा (मिग्रॅ/डेलि) ६०च्या खाली असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचं दाट पाणी हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. हिरड्यांना चोळत दवाखाना गाठा. शुद्धीवर आला तरी ग्लुकोज लवकर ओसरतं आणि इन्सुलिन आत चालूच असतं, त्यामुळे खाऊ घालून पुढचे काही तास मोजत राहायचं.

मोजायचं कानाच्या कडेच्या थेंबातून, कान आधी हाताने कोमट करून. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात बहुधा खरं असतं त्याहून कमी दाखवतो, म्हणून मशीन बदलत बसू नका. सुईआधीचा आकडा २००च्या आत असेल तर मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचत नाही. दवाखान्यात भीतीनेच साखर चढते, त्यामुळे तिथल्या एका आकड्यावर डोस वाढवण्यात अर्थ नाही. घरी दर दोन तासांनी १२ तास मोजून सगळ्यात खालचा आकडा बघायचा. बदल अर्ध्या युनिटाचा, आणि तोही डॉक्टरांना विचारून, पाच-सात दिवस थांबून. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला हे पाच दिवस फार जड जातात.

कोरडं खाणं बंद करून कमी कर्बोदकांचं ओलं खाणं सुरू केलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते. हा बदल डॉक्टरांना न सांगता करू नका. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटताना मोजणं सोडायचं नसतं. आणि खाजेसाठी कुणी स्टेरॉइड देऊ केलं तर मधुमेह आधी सांगा, त्याने साखर वाढते.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून दवाखान्यात द्यायच्या, कचऱ्याच्या पिशवीत नाही.

मेडिकलला आता मी कागदावर लिहूनच देते: यू-१००, केशरी टोपी, ०.३ मिलि, अर्ध्या युनिटाच्या रेघा. मागच्या महिन्यात तरीही पाकिटातून लालच निघाली.