थांबा, आपण नक्की कुठे आहोत?

स्वीडनमध्ये येऊन तीन वर्षं झाली, पण इथलं जंगल मला खरं कळलं ते गेल्या सप्टेंबरात. आमच्या टीमला ऑफिसने एक दिवस ओरिएंटीअरिंगसाठी स्टॉकहोमजवळच्या नक्काच्या जंगलात नेलं होतं. चौघांचा गट, एक नकाशा, एक होकायंत्र, मोबाइल बंद. नकाशावर गोल केलेल्या जागा क्रमाने शोधायच्या. तिथे पांढरा-केशरी कापडी झेंडा टांगलेला असतो.

हा खेळ इथलाच. 1919 मध्ये एर्न्स्ट शिलांदर या स्काउट नेत्याने स्टॉकहोमच्या दक्षिणेला 220 जणांची शर्यत भरवली, तिथून तो पसरला. आता तो शाळेतच शिकवतात, त्यामुळे माझ्या स्वीडिश सहकाऱ्यांना यात नवल नव्हतं. मला होतं. सह्याद्रीत वाट चुकली की एखादा गुराखी तरी भेटतो. इथे माणूस दिसत नाही.

होकायंत्र लावायला सोपं आहे. होकायंत्राच्या तळाच्या पट्टीची कड नकाशावर आपण आहोत तिथून पुढच्या गोलापर्यंत टेकवायची. तबकडी फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशावरच्या उत्तर-रेषांशी जुळवायच्या. मग होकायंत्र छातीसमोर आडवं धरून, सुईचं लाल टोक तबकडीवरच्या बाणात येईपर्यंत स्वतः वळायचं, की तोंड पुढच्या गोलाकडे होतं. या नकाशांवर चुंबकीय उत्तरच, म्हणजे सुई दाखवते तीच, छापलेली असते, म्हणून अंशांची वजाबाकी करावी लागत नाही.

चौथा झेंडा 400 मीटरवर होता. नकाशा आणि होकायंत्र माझ्याकडे, पावलं मोजायला टीममधली सगळ्यात नवी, अबोल मुलगी. मध्ये दलदल आली. आम्ही उजवीकडून वळसा घातला, पलीकडे मी पुन्हा सुई बाणात आणली आणि निघालो. चारशे मीटर झाले, झेंडा नाही. "साडेचारशे," ती म्हणाली. मी म्हटलं, अजून थोडं पुढे. नकाशात टेकडी होती, समोरही टेकडी होती. मी दोन्ही एकच मानून मोकळा झालो होतो. "पाचशे. थांबा, आपण नक्की कुठे आहोत?"

मला सांगता येईना. बाकी दोघांनाही. तिने विचारलं नसतं तर आम्ही किती पुढे गेलो असतो कुणास ठाऊक.

शेवटची खात्रीची जागा म्हणजे दलदलीचा अलीकडचा काठ. तिथे परतल्यावर चूक लक्षात आली. दिशा बरोबर होती, पण वळसा घालून आम्ही मूळ रेघेच्या पन्नासेक मीटर उजवीकडे सरकलो होतो आणि तिथून समांतर चालत राहिलो. सुई दिशा दाखवते, आपण कुठल्या रेघेवर उभे आहोत ते तिला माहीत नसतं.

या वेळी ती मुलगी काठावरच उभी राहिली, अंगात लाल जॅकेट, हात वर. आम्ही तिघं वळसा घालून पलीकडे गेलो आणि तिच्याकडे तोंड केलं. उलट दिशा बघताना बाणात सुईचं पांढरं टोक आणायचं असतं. उजवीकडे सरकत गेलो, आणखी थोडं, आणि टोक बाणात बसलं तेव्हा समोर नेमका तो वर केलेला हात होता. मी तिला हाक मारली. ती येईपर्यंत कुणी जागेवरून हललं नाही. तिथून तिनेच मोजायला सुरुवात केली, या वेळी मोठ्याने, आणि आम्हीही तिच्याबरोबर.

झेंडा एका मोठ्या शेवाळलेल्या खडकामागे होता.